टाकीवरचे तीन पट्टे

सहदेवला बसणं जमत नव्हतं. तसं बसायला काही हरकत नव्हती. गुडघे धड होते, ओटा स्वतःचा होता, शेतात त्या आठवड्यात फारसं कामही नव्हतं. पण टेकला रे टेकला की त्याच्या पायांत काहीतरी वळवळायचं आणि तो उठून परसात जाऊन टाकी बघून यायचा. टाकी जागेवरच असायची. मग तो परत येऊन बसायचा, आणि टाकी आता काय करत असेल या विचारानं परत उठायचा.

"ते काय गाभण हाय का?" पंचफुला, त्याची बायको, चुलीपाशी बसल्या बसल्या विचारायची. "घडीघडी काय पाह्यता तिच्याकडे?"

टाकी गोबर गॅसची होती. लोखंडाची, उपड्या पातेल्यासारखी. खाली विहिरीसारखा गोल खड्डा, खड्ड्यात पाण्यात कालवलेलं शेण, आणि त्या शेणावर ही तरंगायची. गॅस साचला की वर यायची, वापरला की खाली बसायची. बुलढाण्याहून आलेल्या साहेबांनी तिच्यावर नारळ फोडून भाषण केलं होतं. गॅसवर सैंपाक होतो हे त्यांनी एका वाक्यात उरकलं आणि पुढचा सगळा वेळ ते साठ्यावर बोलले. साठा असला की माणूस कोणाच्या दारात उभा राहत नाही. साठा असला की अडीनडीला बाजाराचा भाव आपल्या मुठीत राहतो. उन्हाळ्यात साठवा, हिवाळ्यात निवांत राहा. सगळं गाव पेढ्यांकडे बघत होतं. भाषण ऐकलं ते एकट्या सहदेवनं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

त्या साली तिकडे अरबांनी तेलाचा नळ आवळला होता. पंचायतीच्या रेडिओवर ते सांगितलं, आणि बातम्या संपून गाणी लागायच्या आत उत्तमरावानं रॉकेल महाग केलं. उत्तमराव म्हणजे गावातला रॉकेलचा दुकानदार. सहदेवच्या परसाच्या भिंतीसमोरच, रस्त्यापलीकडे, त्याचं दुकान होतं. आत रॉकेलची पिंपं आणि बाहेर ओट्यावर तक्क्याला टेकून स्वतः उत्तमराव. सरकारी भावाची पाटी भिंतीवर होती. ती तो रोज पुसायचा, चकचकीत ठेवायचा, आणि विकायचा मात्र आपल्या भावानं.

"पाटी कायले हाय मंग?" लोक विचारायचे.

"सरकारचा मान ठेवा लागते ना बाप्पा," उत्तमराव सांगायचा.

दुष्काळ नुकताच सरला होता. जळणाला लाकूड नव्हतं, कपाशीच्या पऱ्हाट्याही बोटाएवढ्याच आल्या होत्या, म्हणून घरोघर वातीचे स्टो आले होते. बसथांब्यावर चहा विकणाऱ्या जनकाबाईचा तर सगळा संसारच एका स्टोवर होता. तिनं दोन दिवस पाण्यासारखा चहा विकून पाहिला, तिसऱ्या दिवशी कंडक्टरनं तो बसच्या इंजिनात ओतायला मागितला. तेव्हा सहदेवनं एक काम केलं. त्यानं टाकीची नळी भिंतीतून बाहेर काढली, भिंतीलगतच्या कडुलिंबाखाली एक शेगडी मांडली आणि जाहीर केलं, ज्याला रॉकेल परवडत नाही त्यानं इथं शिजवून न्यावं.

आठवडाभर लिंबाखाली भाकरी, वरण आणि एकमेकींच्या सासवा यांचा एकच घोळ चालला. उत्तमरावाची पिंपं तशीच्या तशी उभी. शेवटी त्याला पाटीवरचा भाव खरा करावा लागला, आणि बायका आपापल्या स्टोकडे परत गेल्या.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण मग सहदेवच्या लक्षात एक गोष्ट आली. टाकीवर त्यानं चुन्याचे तीन पांढरे पट्टे ओढले होते. टाकी भरलेली असली की तिन्ही पट्टे भिंतीच्या वर दिसायचे. उत्तमराव सकाळी दुकान उघडायचा, जांभई द्यायचा, रस्त्यापलीकडे बघायचा, पट्टे मोजायचा आणि सरकारी भावानं माप घालायचा. शेगडी पेटवायचीही गरज राहिली नव्हती. नुसती टाकी दिसली तरी भाव खाली राहत होता. म्हणजे जळलेल्या गॅसपेक्षा न जळलेला गॅस जास्त कामाचा होता! हा शोध लागल्यापासून सहदेवनं गॅस जाळणं बंद केलं. बाहेर तर केलंच, घरातही केलं.

घरातली शेगडी परसाकडच्या पडवीत होती, नवीकोरी. दसऱ्याला तिची पूजा झाली होती, त्याचं हळदकुंकू अजून तिच्यावर होतं, आणि वर भरतकामाचा रुमाल होता. तिच्या शेजारी बसून पंचफुला चुलीत फुंकर घालायची. ओल्या पऱ्हाट्या धुमसायच्या, डोळ्यांतून पाणी गळायचं, खोकल्याची उबळ यायची.

"अजी, एक डाव पेटवू द्या ना. चहापुरता."

"चहा चहा करून टाकी बोटभर खाली येते. बोट बोट करून पट्टा जाते. पट्टा गेला का उत्तमराव भाव वाढवते. भाव वाढला का जनकामायचं दुकान बंद. एका चहापायी दुसऱ्याचा चहा बंद करतं का तू?"

पंचफुलानं यावर विचार केला. विचार करायला तिला मार्गशीर्ष संपेपर्यंत वेळ लागला, कारण मधे मधे खोकला होता. मग एका सकाळी शेणाचं घमेलं खाली ठेवून ती म्हणाली, "संक्रांतीची पोळी मी या गॅसवर करीन. नाईतर देऊळघाटले जाऊन माह्या मायच्या चुलीवर करीन. चूलच फुंकाची तं मायची काय वाईट हाय? आन् तिथून मी काही वापस येणार नाई."

पंचफुला रागानं बोलली असती तर सहदेव घाबरला नसता. पण ती हे वांग्यांचा भाव सांगावा तसं बोलली. शिवाय तिनं कापडाची पिशवी काढली, त्यात दोन लुगडी, फणी आणि खोकल्याची बाटली घातली, आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली. घरात शिरलं की ती पहिली दिसायची.

आता सहदेवला बघायला दोन गोष्टी झाल्या. तो टाकी बघायचा आणि पिशवी बघायचा. मधलं अंतर दिवसातून किती वेळा कापलं जायचं ते त्याच्या चपलेला ठाऊक. त्यानं मनाशी ठरवलं की थंडी सरू द्यावी, अरबांचा नळ सुटू द्यावा, मग पंचफुलानं खुशाल रोज पुरण शिजवावं. तोवर तिला कसंतरी समजवावं. पण पौषात एक भलतंच होऊन बसलं. कोणी वापरत नसताना टाकी खाली बसायला लागली.

बुलढाण्याचं पठार हिवाळ्यात बरंच गार पडतं. गारठ्यानं शेण आळसावतं, गॅस धरेनासं होतं. त्यात नळीचा एक सांधा सैल होता आणि साठलेला गॅस तिथून गुपचूप निघून जात होता. सहदेवनं सांध्याला चिंध्या बांधल्या, वरून चिखल लिंपला, नाक लावून वास घेतला. गॅस चिंध्यांतूनही जात होता.

"घ्या," पंचफुला म्हणाली. "थो बी चालला. तुमच्या घरात कोणीच टिकत नाई."

खालचा पट्टा भिंतीच्या काठाला टेकला. समोर ओट्यावर उत्तमराव मान पुढे काढून बघत होता. त्याचा उजवा हात पाटीकडे जाऊन परत आला.

सहदेवनं टाकीकडे पाहिलं, ती वर जाणार नव्हती. उत्तमरावाकडे पाहिलं, तो उंच होणार नव्हता. मग त्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंत दगडमातीची होती, पुरुषभर उंच, स्वतःच्या मालकीची. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास त्यानं भिंतीवरचा दगडांचा एक थर उतरवला. तिन्ही पट्टे परत दिसायला लागले.

उत्तमरावानं दुकान उघडलं, जांभई दिली, पट्टे मोजले आणि सरकारी भावानं माप घातलं.

त्यानंतर हा नेमच झाला. टाकी जेवढी खाली बसायची तेवढी सहदेव भिंत उतरवायचा. दगड तो गोठ्यामागे रचून ठेवायचा. हात सोलवटले, नखं गेली, पण पट्टे तीनच्या तीन. गावातल्या लोकांना भिंत कमी होताना दिसत होती, पण सहदेव काहीतरी करतो आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार असं समजून ते गप्प होते. कोणी म्हणालं, भिंतीत हंडा सापडला असेल. कोणी म्हणालं, रस्ता रुंद होणार आहे आणि सहदेवला आतून खबर आहे. या दुसऱ्या खबरीवर विश्वास ठेवून शेषरावानं आपलंही कुंपण हातभर मागे घेतलं.

"सायदेवा, भिंत काऊन पाडून राह्यला बे?" एकानं सरळ विचारलं.

"हवा येत नव्हती."

"पौषात?"

"पौषातलीच हवा चांगली असते," सहदेव म्हणाला आणि दात वाजू नयेत म्हणून जबडा दाबून धरला.

उत्तमरावाचं भिंतीकडे लक्ष नव्हतं. भिंत हा त्याचा धंदा नव्हता, पट्टे हा धंदा होता. फक्त एकदा हिशेब करता करता तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "यंदा सायदेवचा लिंब लयच वाढला गा. खत भारी देऊन राह्यला दिसते."

भिंत छातीपर्यंत आली तेव्हा शेजारची शेळी आत आली आणि पंचफुलाची मेथी खाऊन गेली. कमरेपर्यंत आली तेव्हा शेळीनं नातेवाईक आणले. न्हाणीला आडोसा म्हणून पंचफुलानं गोधडी टांगली. संक्रांत जवळ येत होती. जाता येता ती पिशवीवरची धूळ झटकायची. रात्री पडल्या पडल्या सहदेवचे पाय गोधडीत चालत राहायचे.

भोगीच्या सकाळी त्यानं शेवटचा थर उतरवला आणि सरळ उभा राहिला. भिंत संपली होती. त्याच्या पायापासून उत्तमरावाच्या ओट्यापर्यंत मधे फक्त रस्ता आणि एक शेळी होती.

उत्तमरावानं दुकान उघडलं, जांभई दिली, आणि जांभई अर्ध्यावर तशीच राहिली. पट्टे तीन होते. पण पट्ट्यांच्या खाली लगेच जमीन होती. आणि बाजूला पडवीत पंचफुला चुलीपुढे आडवी होऊन फुंकर घालत होती, धूर तिच्या तोंडावर येत होता, ती खोकत होती. तिच्या शेजारी रुमालाखाली शेगडी होती.

उत्तमराव उठला. तो ओट्यावरून कधीच उठत नसे, त्यामुळे वाटेत त्याला एकदा थांबावं लागलं. रस्ता ओलांडून तो सरळ परसात आला. फाटक तसंच उभं होतं, दोन्ही बाजूंना काही नसताना. शिष्टाचार म्हणून तो फाटकातून आला.

"वयनी, गॅस असून धुपट काऊन?"

पंचफुलानं डोळे पुसले. "गॅस पाहाचा असते, भाऊजी. खायचा नसते."

उत्तमरावानं टाकीवर टिचकी मारली, मग बुक्की मारली. मग वाकून पाहिलं. टाकी खड्ड्यात पार खाली बसली होती, वीतभर गॅसवर कशीबशी तरंगत होती. त्यानं सहदेवकडे पाहिलं. सहदेव आकाशाकडे बघत होता.

"आन् मी सालं," उत्तमराव हळूच म्हणाला, "लिंबाचं कौतुक करत होतो."

त्या दिवशी दुपारी त्यानं पाटी पुसली नाही. उलटी करून टांगली. आणि रॉकेलचा भाव असा चढवला की अरबांनाही लाज वाटली असती.

संक्रांतीच्या सकाळी पंचफुलानं अंग धुतलं, नवं लुगडं नेसली, खुंटीवरची पिशवी काढली आणि ती घेऊन परसात आली. देऊळघाटची बस यायला अवकाश होता. सहदेव टाकीभोवती गोल गोल फिरत होता. थांबलं तर काहीतरी बोलावं लागेल, म्हणून तो थांबत नव्हता.

तेवढ्यात बायका आल्या. पुढे जनकाबाई, हातात विझलेला स्टो. मागे गल्लीतल्या झाडून साऱ्या. भिंत नव्हती, त्यामुळे त्या चारी बाजूंनी आल्या.

"सायदेवभाऊ," जनकाबाई म्हणाली, "उत्तमराव तं गळा कापून राह्यला. खोल तुह्या गॅसची नळी. लिंबाखाली शेगडी मांड."

सहदेव थांबला. "माय, गॅस नाई."

"तू तं म्हने साठा हाय!"

"होता."

"गेला कुठी? कोन खाल्ला?"

"कोनी नाई खाल्ला. उडून गेला."

जनकाबाईनं चुलीकडे पाहिलं, काळ्या पडलेल्या पडवीकडे पाहिलं, रुमालाखालच्या शेगडीकडे पाहिलं, आणि पंचफुलाच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. हे सगळं गल्लीला आजवर भिंतीमुळे दिसलं नव्हतं.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "आमचा चहा चालू राहावा म्हनून हिले धुपटात बसवली? अन् गॅस सोडला वाऱ्यावर? असा कसा रे तू?"

"भाव धरून ठेवला होता मी, माय."

"भाव धरला. बायको कोन धरन?"

सहदेवला बसावंसं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याला पहिल्यांदाच खरोखर बसावंसं वाटलं. पण परसात बसायला काही नव्हतं, म्हणून तो टाकीच्या काठावर टेकला.

टाकी किंचित खाली गेली. आणि पडवीतल्या शेगडीतून फुस्स असा आवाज आला. पंचफुलानं सकाळीच तिची चावी उघडून पाहिली होती, पण टाकीच्या एकटीच्या वजनानं गॅस नळीतून पुढे येत नव्हता.

पंचफुलानं त्याच्याकडे पाहिलं. मग शेगडीकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला. आवाज गेला.

"बसा."

तो बसला. आवाज आला.

"असं हाय होय," पंचफुला म्हणाली. "सरका. मधात बसा. पाय वर घ्या." तिनं रुमाल काढला, झटकला, आणि काडी ओढली. शेगडीवर निळी ज्योत आली, हरभऱ्याएवढी. "जनकामाय, याच्या मांडीत दोन दगड द्या बरं."

गोठ्यामागे दगडांना तोटा नव्हता. एकीनं एक दिला, दुसरीनं दुसरा. मग सगळ्याजणी रांगेनं देऊ लागल्या, कारण रागही होताच. आपल्या भिंतीतला दगड न् दगड सहदेवला ओळखू येत होता. ज्योत बोराएवढी झाली, मग पेरूएवढी. पंचफुलानं तवा ठेवला. पिशवीतून फणी काढावी तितक्या सहज तिनं डब्यातून तिळगुळाचं सारण काढलं, कणीक मळली आणि पहिली पोळी लाटून तव्यावर टाकली.

सहदेवच्या पायात वळवळ सुरू झाली. त्यानं मांडी बदलली. शेगडीवर ज्योत भसकन वर गेली आणि खाली आली.

"हलू नका! पोळी करपते!"

"मुंग्या आल्या वं."

"येऊ द्या. माह्या डोळ्यात आल्या होत्या, मी हलली का?"

सहदेव हलला नाही. कपाळावर पौषात घाम आला तरी हलला नाही. मांडीत दगड, खाली लोखंड गार, समोर सगळं गाव. एक शेळी येऊन त्याचं धोतर चावू लागली, तरी तो तसाच. टाकी त्याच्यासकट बोट बोट खाली जात होती आणि त्याचा जीव तिच्याबरोबर जात होता. इतके दिवस जपलेलं सगळं त्याच्याच वजनानं निघून चाललं होतं, आणि ते तिकडे तव्यावर खमंग वास मारत होतं.

रस्त्यापलीकडे उत्तमराव ओट्यावर उभा राहून मान तिरकी करत होता. पट्टे दिसत नव्हते. पट्ट्यांवर सहदेवचं धोतर आलं होतं. टाकीत नक्की किती आहे, माणूस का बसवला आहे, दगड कशाला, आणि पोळी कुठून होते आहे, याचा त्याला काही मेळ बसेना. गॅस संपला असावा तर तवा तापतो कसा? गिऱ्हाईक भाव विचारायला आलं. उत्तमरावानं पाटी सुलटी केली, परत उलटी केली, आणि शेवटी दुकान बंद करून आत जाऊन निजला.

पोळ्या होत गेल्या. प्रत्येकीच्या हातावर चतकोर आली. जनकाबाईनं खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाली, "आता पाहा. सकाळी माह्या दोन म्हशीचं शेन इथं. गल्लीतलं सगळं इथं. उरलेला शेनकाला आम्ही खताले नेऊ. खड्ड्याभोवती कडबा टाका, त्याले थंडी वाजते. अन् जो गॅस येईन थो पह्यले पंचफुलाच्या चुलीले, मंग लिंबाखाली, अन् उरला तं साठ्यात."

"साठ्यात किती ठेवाचा?" टाकीवरून सहदेवनं विचारलं.

"तू बोलू नको. तू वजन हाय."

तेवढ्यात थांब्यावर देऊळघाटची बस लागली. हॉर्न वाजला. सहदेव हलला नाही, कारण शेवटची पोळी अजून तव्यावर होती. पंचफुलानं पोळी उलटली. हॉर्न परत वाजला. तिनं पोळीवर तूप सोडलं. बस धूर सोडत निघून गेली. पंचफुलानं शेगडीची चावी बंद केली, पोळी ताटलीत घातली आणि ती घेऊन टाकीपाशी आली.

"घ्या. तिळगूळ."

त्यानं घास घेतला. गॅसवरच्या पोळीला धुराचा वास नव्हता. त्याला ती थोडी फिकीच लागली, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

"मंग पिशवी ठेवू आत?" त्यानं विचारलं. "रिकामी करून?"

पंचफुलानं पिशवी उचलली. लुगडी, फणी आणि बाटली आत आहे ना ते चाचपून पाहिलं. घरात गेली आणि पिशवी होती तशी, भरलेलीच, दारामागच्या खुंटीला अडकवली.

"राहू द्या तिथंच," ती आतून म्हणाली. "काही करत नाई ते. नुसती दिसली पाह्यजे."

माघात टाकी परत वर आली. उत्तमरावानं सहदेवकडून दगड विकत घेतले आणि आपल्या ओट्यासमोर पुरुषभर भिंत बांधली, म्हणजे पट्टे नको आणि ताप नको. पण मग पट्टे दिसेनात, तेव्हा भाव काय ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून तो दर सकाळी पाटीवरचाच भाव धरून बसायचा. घरात गॅसवर सैंपाक व्हायचा. सहदेव जेवता जेवता उठायचा, दारापर्यंत जायचा, पिशवी आहे ना ते बघायचा, आणि परत येऊन बसायचा.